तळहाताएवढा उंचवटा

बाबा गेल्यावर आई माझ्याकडे आयर्लंडला आली, तेव्हा त्यांची एकच वस्तू घेऊन आली: जुन्या पंचात गुंडाळलेली सहा इंची गोल काच. दुर्बिणीचा आरसा व्हायची होती ती. आई परत गेली आणि काच मेनूथच्या माझ्या फ्लॅटमध्ये कपाटात, म्हणजे इथल्या भाषेत प्रेसमध्ये, आठ महिने पडून राहिली.

पुण्याच्या गच्चीवर बाबा एका पिंपाभोवती फिरत काच घासायचे. खाली एक काच, वर दुसरी, मध्ये पाणी आणि कार्बोरंडमची पूड. वरची पुढेमागे सरकवायची, एक पाऊल बाजूला, पुन्हा तेच. वरची हळूहळू खोलगट होत जाते. बारीक पूड घ्यायची वेळ आली की बाबा अंघोळ करून धुतलेले कपडे घालत. जाड पुडीचा एक कण राहिला तरी ओरखडा उठतो. आई म्हणायची, "देवाला नाही, पण काचेला सोवळं आहे या घरात."

शेवटची चकाकी राळेच्या थरावर आणतात. तिथवर ते पोचले होते. वहीतली शेवटची ओळ होती: "झाला असावा. पुन्हा तपासणे." ते तपासणं राहिलं.

आकार चुकला असेल तर काच पुन्हा राळेवर घासावी लागणार, म्हणजे बाबांच्या हाताने आणलेला पृष्ठभाग जाणार. बरोबर असेल तर फक्त अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा. काय ते कळावं म्हणून एका शनिवारी दुपारी मी इथल्या हौशी आकाशनिरीक्षकांपैकी एका निवृत्त सुतारकाम-शिक्षकांकडे गेले. काच कोटाच्या आत छातीशी धरून अर्धा तास चालत.

त्यांच्या शेडमध्ये अंधार केला. काच टेबलावर उभी केली, जेमतेम तीन पावलांवर एक बारीक दिवा आणि दाढीचं पातं. काचेवरून परतलेला उजेड पात्याने अर्धवट कापायचा आणि मागून डोळा लावायचा. केसाच्या हजाराव्या भागाएवढा उंचसखलपणाही मग डोंगरदरीसारखा दिसतो.

"काच गार झालीय ना?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. या देशात सगळं गारच असतं असं मी धरून चालले होते.

बाबा म्हणायचे, आरसा जमला की मेदूवडा दिसतो: फुगीर कडं, मध्ये खळगा. मला दिसलेल्या वड्याला भोकच नव्हतं. मधोमध टेंगूळ होतं.

"काही बिघडत नाही," ते म्हणाले. "मधला भाग थोडा घासू. ग्रँड होईल." त्यांनी राळ गरम करायला शेगडीवर ठेवली. मी बाहेर येऊन आईला फोन केला. घासण्याआधी तिला सांगायला हवं होतं.

"नेलीस कशी?" आईने विचारलं.

"कोटात. छातीशी धरून."

"आणि लगेच बघितलीस? अगं, मी नुसती उचलून बाजूला ठेवली तरी ओरडायचे. तासभर कुणी शिवायचं नाही, मग तपासायची. एवढं शिकलीस आणि हे नाही कळलं?"

मी आत गेले आणि म्हटलं, "जरा थांबू या का? मी ती अंगाशी धरून आणलीय."

त्यांनी शेगडी बंद केली आणि चहा टाकला. तासभर आम्ही काचेकडे पाठ करून बसलो. मग मी डोळा लावला. टेंगूळ नव्हतं. मऊ सावलीचं कडं आणि मध्ये खळगा, वहीतल्या बाबांच्या आकृतीसारखा. ते टेंगूळ माझ्याच अंगच्या उबेचं होतं.

"यात घासण्यासारखं काही नाही," शिक्षक म्हणाले. "तुझ्या वडिलांनी काम संपवलं होतं."

निघण्याआधी मी विचारलं, "मिनिटभर काचेवर अंगठा ठेवू का?" ठेवला. काढल्यावर तिथे छोटीशी टेकडी दिसली. ती बसेपर्यंत आम्ही पाळीपाळीने बघत राहिलो. मग काच धुतली, पंचात गुंडाळली आणि या वेळी पिशवीतून नेली.