वेडलॉकमधलं लॉक

"हे लॉक कशाला हाय इथं?" मंगलताईंनी कागदावर बोट ठेवलं आणि पेन बंद केलं.

सावेडीत एका वकिलांच्या ऑफिसात मी अनुवादक आहे. इंग्रजी कागदावर सही करणाऱ्याला मजकूर मराठीत समजावून सांगायचा, हे माझं काम. मंगलताई तिसगावच्या. शिवणकामावर मुलीला एकटीने वाढवलेलं. मुलीला परदेशी कॉलेजात प्रवेश मिळाला होता, त्यासाठीचं हे ॲफिडेव्हिट, म्हणजे शपथेवर लिहून दिलेला कागद. त्यात होतं, मुलगी 'लॉफुल वेडलॉक'मधली.

"वेडलॉक म्हणजे लग्न, ताई."

"मंग लॉक?" त्या हळूच म्हणाल्या, "नवरा कामाला जाताना भायेरून कुलूप लावायचा. पोर पोटात हुती तवाबी. म्हनून इचारलं."

दुपार सुस्तावली होती. पडदा फुगत होता, पुन्हा खिडकीला चिकटत होता. बोलता बोलता मी हजारेक वर्षं मागे गेले.

"हे कुलूप नव्हे. फार जुना शब्द आहे. 'वेड' म्हणजे आपलं वेड नाही, वचन. शेवटचं 'लाक' नुसतं जोडलेलं. पाटीलकीतली 'की' म्हणजे किल्ली नसते ना, तसं. पुढे लोक मूळ विसरले आणि त्याचं लॉक झालं."

माझ्या डोळ्यांसमोर कुठलासा धुक्यातला माळ होता. दोन माणसं हात धरून उभी, आणि चारचौघांसमोर एकमेकांना दिलेला शब्द. तेही मी सांगितलं. मंगलताई खिडकीबाहेर बघत ऐकत होत्या. चेहरा निवला होता. मी पेन पुढे सरकवलं.

"मंग न्हाई करायची सही," त्या म्हणाल्या. "कुलूप असतं तर केली असती. शब्द कुठं दिल्ता त्यानं?"

वकीलसाहेब केबिनमधून बाहेर आले. "मॅडम, कागद आजच अपलोड करायचाय. नाहीतर पोरीची सीट जाईल."

"शपथेवर खोटं कसं लिवू, साहेब?"

साहेब माझ्याकडे बघायला लागले.

"सर, नुसतं 'मॅरेज' लिहिलं तर?" मी विचारलं.

"चालेल. कायद्याला दोन्ही सारखंच."

"ताई, लग्न तर झालं होतं ना?"

"झालं की. मांडव पडला, गाव जेवलं. त्ये खरं हाय."

नवी प्रिंट काढली. त्यांनी एकेक अक्षर सावकाश काढत सही केली. कागद वेळेत गेला. महिन्याभरात मुलगीही परदेशी शिकायला गेली.

तेव्हापासून आमच्या नमुन्यात 'मॅरेज'च असतं. साहेब म्हणतात, शब्द सुटसुटीत आहे. मी एवढंच शिकले, की अर्थ सांगून झाला म्हणजे सही होतेच, असं नाही.