गाडी ठरली, आता वर काय?

एकाच गाडीतून चार माणसं अकरा वर्षं कामाला जात असतील, तर किस्से जमवावे लागत नाहीत. ते सीटखाली आपोआप साठतात, आमच्या मिनलच्या केसांच्या क्लिपांसारखे. गाडी झाडायला घेतली की दर वेळी एखादी नवी निघते. त्यातले हे काही किस्से, मी हायब्रिड गाडी घेतली तेव्हाचे.

आधी चौघांची ओळख. तारापूर एमआयडीसीतल्या एका औषधांच्या कंपनीत मी लॅबमध्ये, चुरी परचेसला, मिनल क्वालिटीच्या कागदपत्रांत, आणि तांडेलकाका बॉयलरवर. काका सातपाटीचे, आम्ही तिघं पालघरचे. रोज सकाळी काका आपली जुनी डिझेल गाडी घेऊन सातपाटीहून निघायचे, पालघरला आम्हाला उचलायचे आणि बोईसरला कंपनीत न्यायचे. संध्याकाळी उलट. आम्ही उतरलो की पुढे सातपाटीपर्यंत ते एकटेच.

अकरा वर्षांत त्यांनी आमच्याकडून एक पैसा घेतला नाही. पहिल्याच महिन्यात चुरीने पाकीट पुढे केलं तर म्हणाले, "पैशे घेतले का मी डायवर झालो. मंग गप्पा कोनाशी मारू?" त्यांची अपेक्षा एकच. आम्ही उतरताना रोज न चुकता ऐकू यायचं, "दार हलू लावा रे." त्या दाराच्या बिजागऱ्या काकांपेक्षा जास्त थकलेल्या होत्या.

मग काकांची रिटायरमेंट दोन महिन्यांवर आली आणि गाडीने त्यांच्या आधीच राजीनामा दिला. मेकॅनिक म्हणाला, आता हिला भंगारात काढा. काका म्हणाले, "रिटायर होईपर्यंत वढतो, मंग देतो." मी चुरीला आणि मिनलला बाजूला घेऊन सांगितलं, "गाडी आता मी घेणार. शेवटच्या दिवशी काका स्टिअरिंगला हात लावणार नाहीत. बाजूच्या सीटवर बसून घरी जाणार." त्या दिवसाच्या आत गाडी दारात हवी होती, बाकी रंगबिंग कुठलाही चालला असता.

हायब्रिडच का, तर आमच्या सोसायटीत पार्किंग उघड्यावर आहे, चार्जिंगला प्लग नाही. सीएनजीच्या लाइनीत उभं राहायचा संयम माझ्यात नाही. आणि बोईसरला टँकरच्या मागे रांगताना हायब्रिड आपली बॅटरीवर, आवाज न करता चालते. माझी बायको सुप्रिया शिक्षिका आहे. तिने कर्जाचा हप्ता, घराचा खर्च सगळं मांडून एका चिठ्ठीवर एक आकडा लिहिला आणि चिठ्ठी माझ्या पाकिटात घातली. "याच्यावर एक रुपया गेला तर स्कूटर आहेच," म्हणाली. पहिलंच कोटेशन आलं ते त्या आकड्याच्या लाखभर वर!

*

चुरी म्हणजे कंपनीचा वाघ. ड्रमवाले, केमिकलवाले त्याच्या केबिनमधून घाम पुसत बाहेर येतात. पण स्वतःसाठी खरेदी करताना हाच माणूस छापील किमतीला शर्ट घेतो आणि वर दुकानदाराला थँक यू म्हणतो. त्यामुळे मी त्याला बजावलं होतं, "शोरूममध्ये गेल्यावर तू कंपनीसाठी घेतोयस असंच समज."

त्याने ते फारच मनावर घेतलं. सेल्समन होता चिंचणीचा प्रतीक, गोड बोलणारा. चुरीने पेन काढलं आणि सुरू झाला, "बेसिक किती, टॅक्स किती, वेगळं दाखवा. तीन पार्ट्यांकडून कोटेशन मागवलंय, लोएस्टला ऑर्डर. मटेरियल आमच्या गेटवर पोच. पेमेंट नव्वद दिवसांनी."

प्रतीक माझ्याकडे बघत राहिला. "सर, गाडी एकच घेताय ना?"

"सध्या एकच," चुरी म्हणाला. "क्वालिटी बघून रिपीट ऑर्डर."

हसू नका. त्या 'रिपीट ऑर्डर'वर प्रतीक आत जाऊन मॅनेजरला विचारून आला आणि कंपनीच्या आयकार्डवर मिळणारी सूट, जिच्याबद्दल तोवर कोणी चकार शब्द काढला नव्हता, ती निघाली. वसईच्या शोरूमचं कोटेशन समोर ठेवल्यावर आणखी थोडे उतरले. परत येताना चुरीने रस्त्यावर ताडगोळे घेतले. बाई म्हणेल तो भाव दिला आणि थँक यू म्हणाला.

*

आमच्या मेंटेनन्सच्या यादवजींनी मध्येच डोक्यात एक किडा सोडला. "वापी से लो ना साहब, गुजरात में टॅक्स कम लगता है." एका रविवारी आम्ही तिघं वापीला गेलो. तिथे खरंच स्वस्त होती. चुरीने हात मिळवायला पुढे केला, तेवढ्यात तिथली मुलगी म्हणाली, "सर, गुजरातचा ॲड्रेस प्रूफ?"

आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मग खमण घेतलं आणि परत आलो. सोमवारी यादवजी म्हणाले, "पता तो चाहिए ही, वो मैंने नहीं बताया?" खमण मात्र त्यांनीच जास्त खाल्लं.

*

आता माझा किस्सा. लॅबमध्ये वीस वर्षं काढलेल्या माणसाला एक सवय लागते. कुठलीही वस्तू हातात आली की तो आधी तिच्यावर मॅन्युफॅक्चरिंगची तारीख शोधतो. मी लग्नात मिळालेल्या मिठाईच्या डब्यावरही शोधतो, सुप्रिया त्यावरून चिडते.

प्रतीक मला यार्डात गाडी दाखवायला घेऊन गेला. म्हणाला, "सर, एकदम फ्रेश स्टॉक." मी गुडघ्यावर बसून दाराच्या आतली पट्टी वाचली, चेसिस नंबर उतरवून घेतला आणि त्यावरून वर्ष-महिना काढला. गाडी आठ महिन्यांची होती, तीही मागच्या वर्षातली.

"हिचं रिटेस्ट कधी केलंत?" मी विचारलं. आमच्याकडे माल पडून राहिला की तो पुन्हा तपासून मगच वापरतात.

"सर, गाडीला एक्स्पायरी नसते."

"एक्स्पायरी नसते, पण वय असतं. बॅटरी, टायर तपासून रिपोर्ट द्या. आणि जुन्या बॅचचा भाव लावा."

त्यांनी बॅटरीचा रिपोर्ट दिला, तो उत्तम निघाला. मागच्या वर्षीच्या गाडीवरची सूटही दिली. पुढे विकताना तोटा होईल, हे मला कळत होतं. पण मला ही गाडी विकायचीच नव्हती, मला एका माणसाला घरी सोडायचं होतं.

*

मिनलच्या खात्याचा एकच धर्म: जे लिहिलेलं नाही, ते झालेलंच नाही. प्रतीक तोंडी म्हणाला, "मॅडम, हँडलिंग चार्ज काढून टाकतो, इन्शुरन्स तुम्ही बाहेरून घ्या, चालेल." मिनलने कोटेशन त्याच्यासमोर सरकवलं. "लिहा."

त्याने त्या ओळीवर गिचमिड करून खोडलं. झालं! "असं खोडायचं नसतं. एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला सही, तारीख, आणि कारण." बिचाऱ्याने नवी प्रिंट काढली. एक रेघ मारली, सही केली, तारीख टाकली. कारणाच्या जागी थोडा विचार केला आणि लिहिलं, "ग्राहकाने विचारलं म्हणून."

ऑडिटरसुद्धा एवढं खरं कारण कधी लिहीत नाही, असं मिनल अजून म्हणते. तो कागद तिने फाइलला लावून ठेवला आहे. दोघांची ही सगळी धडपड माझ्या गाडीसाठी चालली होती. मला सख्खी भावंडं नाहीत, पण त्या दिवसांत ते एकदाही जाणवलं नाही.

*

एवढं करूनही चिठ्ठीतल्या आकड्याला पंधरा हजार कमी पडत होते आणि प्रतीकने हात टेकले होते. ही गोष्ट हिराकाकींच्या कानावर गेली. हिराकाकी म्हणजे तांडेलकाकांची बायको. चाळीस वर्षं पालघरच्या बाजारात मासळी विकतात.

"सकाली दुकान उगडताना जायाचं," त्या म्हणाल्या. "भवानीचं गिऱ्हाईक कोन परत पाठवत नाय."

दिवसाची पहिली विक्री ती भवानी. दुसऱ्या दिवशी शोरूमचं शटर वर जात होतं तेव्हा काकी पायरीवर उभ्या होत्या, मी मागे. त्या सोफ्यावर बसल्या नाहीत. गाडीला एक फेरी मारली, पत्र्यावर तळवा फिरवला आणि प्रतीकला म्हणाल्या, "कल्ला दाखव." प्रतीक चिंचणीचा, समुद्रकाठचा, त्याला सांगावं लागलं नाही. त्याने बॉनेट उघडलं. काकींनी मासळीच्या कल्ल्यात बघतात तसं आत वाकून बघितलं.

"ताजी नाय. पन बर्फातली हाय, चांगली ऱ्हायली. हिचं काय घेशील?"

मॅनेजर बाहेर आले. म्हणाले, "काकी, शेवटचा भाव दिलाय यांना."

"शेवटचा नको. भवानीचा सांग."

मॅनेजर हसले. कॅल्क्युलेटर घेऊन बसले आणि बारा हजारांनी खाली आले. काकींनी नुसता तळवा पुढे धरून ठेवला. "पुरा कर." बराच वेळ तो हात तसाच होता. मॅनेजरनी त्यावर हात ठेवला. सुप्रियाचा आकडा आला होता.

मी उठायला लागलो तर काकींनी मला दंडाला धरून खाली बसवलं. "थांब. आता वर काय?"

वाटा घेतला की कोळीण वर एखादा मासा टाकते, त्याशिवाय गिऱ्हाईक पिशवी बंद करत नाही. चाळीस वर्षं दुसऱ्यांना वर टाकणाऱ्या काकी आज मागत होत्या. मॅनेजर म्हणाले, "मॅट देतो, सीट कव्हर देतो. परफ्यूम पण देतो."

"ते ठेव तुज्याकडं. एकतीस तारखेला सकाली गाडी पायजे."

"काकी, पासिंगला, नंबरला तीन आठवडे जातात. एकतीस म्हणजे दहा दिवस."

"माजा मानूस अकरा वर्स लोकांना घरी सोडतो," काकी म्हणाल्या. "एक दिस त्याला कोनी सोडू दे."

त्यांना हे कोणी सांगितलं, मला अजून ठाऊक नाही. मिनल शपथ घेते की तिने नाही. मॅनेजरनी समोरच फोन लावले, एक, दोन, तीन. मग म्हणाले, "तीसला संध्याकाळी घेऊन जा."

बाहेर आल्यावर मला रडू आवरेना. काकी म्हणाल्या, "रडतोस काय? वर तर मागायाचंच असतं." आणि टोपली घ्यायला बाजाराकडे वळल्या.

*

एकतीस तारखेला काकांची जुनी गाडी आली नाही. मीच त्यांना सकाळी घेऊन गेलो होतो. जाताना ते सारखे गिअर शोधत होते. संध्याकाळी बॉयलर हाउसमध्ये हार, नारळ, भिंतीवरचं घड्याळ झालं. मग काका गाडीत माझ्या शेजारी येऊन बसले. घड्याळ मांडीवर.

"चालू कर की," थोड्या वेळाने म्हणाले.

"काका, आपण गेटच्या बाहेर आलो."

मागे चुरी आणि मिनल इतके हसले की वॉचमन वळून बघायला लागला. काकाही हसले. मग वाटेत प्रत्येक स्पीडब्रेकरला त्यांचा उजवा पाय मॅटवर दाबला जात होता, ते मी बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

पालघर आलं. चुरीचा नाका आला, तो उतरला नाही. मिनलची गल्ली आली, तीही उतरली नाही. काकांनी दोघांकडे वळून बघितलं. सातपाटीला हिराकाकी दारात उभ्या होत्या. मी गाडी अगदी पायरीशी नेली.

काका उतरले. हार सावरला, घड्याळ काखेत धरलं. आमच्याकडे वाकून बघितलं. आणि दार लावलं. इतकं हळू लावलं की ते लागलंच नाही. डॅशबोर्डवर दाराचा लाल दिवा पेटलेलाच राहिला.

 काका घरात जाईपर्यंत मी गाडी तशीच हळूहळू पुढे नेली. वळण घेतल्यावर थांबवली, तेव्हा चुरी खाली उतरला आणि त्याने ते दार पुन्हा लावलं.