सुनेच्या मापाचा ओटा
ओल्या सिमेंटचा वास आला की चिकलठाण्याच्या घरातला पहिला ओटा आठवतो. दर दिवाळीच्या बोनसमधून मी स्वयंपाकघराचं एकेक काम काढायचो. "सैपाक कोण करतं? त्यान्ला उभं करा," मिस्त्री म्हणाला. आई खाली बसून भाकरी थापत होती. "सुनेच्या मापानं होऊ दे," ती म्हणाली, आणि मी उंच बायकोला उभं केलं. शेगडी ओट्यावर गेली. आई पाटावर चढून थापायची, पण जोर पुरेना, भाकरी चिरायची. "माझा हातच गेला रे," म्हणत तिनं भाकरी सोडली. ओटा उंच झालाय, हे मला दिसत होतं. पुढच्या बोनसमधून मी ओट्यामागं टाइल्स लावल्या. आता आई नाही. काल नव्या ओट्यासाठी मिस्त्रीनं उंची विचारली, तर माझा हात आईच्या कमरेच्या उंचीवर थांबला.