सोमामामांचा इंग्रजीचा तास

बेंगळूरच्या आमच्या शिकवणाऱ्या सिस्टर तासाआधी मोबाइलमधून प्रार्थना सुरू करायच्या तेव्हा सोमामामा उठून उभे राहायचे. डोक्याला गुंडाळलेला पंचा काढून खांद्यावर टाकायचे, कमरेच्या आकडीतला कोयता मागे सरकवायचे आणि हात जोडायचे. ज्या विद्यार्थिनीसाठी ही प्रार्थना होती, ती मात्र मांडी घालून भाकरी खात बसलेली असायची. कॅमेरा बंद असायचा ना!

"मामा, हा काही आपला देव नव्हे," मी एकदा म्हटलं.

"देव कुणाचाबी आसूंदे," मामा म्हणाले. "आपल्या दारात आला तर बसून कसं ऱ्हायाचं?"

दार म्हणजे काय, तर डोंगरावरच्या एका खोपीची मोकळी बाजू. चार वासे आणि वर गवत.

मी तेव्हा बेंगळूरच्या एका ख्रिस्ती विद्यापीठात इंग्रजी साहित्य घेऊन बी.ए. करत होते. जोयड्याच्या रानातल्या, कुंभारवाड्याकडच्या आमच्या वाडीत याचा अर्थ कुणालाच नीट लागला नव्हता. काहींना वाटायचं मी आता बाटणार, काहींना वाटायचं मी बँकेत लागणार. कोरोनात हॉस्टेल रिकामं झालं, मी घरी आले आणि तास मोबाइलवर सुरू झाले. वाडीत पूर्वी थोडंफार यायचं ते नेटवर्कही आता गेलं होतं. मागच्या डोंगराच्या माथ्यावर तेवढं ते यायचं, म्हणून वडिलांनी तिथे खोपी उभी करून दिली. पण त्या रानात अस्वलं. पोरीला एकटी कशी सोडायची, यावर घरात खल चालला होता, तेवढ्यात शेजारचे सोमामामा ओट्यावरूनच म्हणाले, "म्या जातो की हिच्यासंगं. मला तरी कुठं काम हाय?"

ही चक्क थाप होती. मामी वारल्यापासून म्हशी, शेत, चूल, सगळं एकट्या मामांच्या गळ्यात होतं. तरी रोज सकाळी ते माझ्याआधी पायवाटेला हजर असायचे. वर पोचलं की कनवटीची प्लास्टिकची पिशवी सोडायची, तिच्यातून बटणांचा फोन काढायचा, पंच्याने पुसायचा आणि दगडावर उताणा ठेवायचा. मग खुशाल पाठ टेकायची.

त्या फोनची गोष्ट मला थोड्याच दिवसांत कळली. त्यांचा एकुलता एक मुलगा गोविंद गोव्याला गेला होता. त्याला रान सोडून बाहेर पडायचं होतं, मामांना नव्हतं. शब्दाने शब्द वाढला आणि मामा बोलून गेले, "गेलास तर मागं वळून बगू नको." तो गेला आणि खरंच वळला नाही. त्याचा नवा नंबर कुणाकडेच नव्हता.

"पर माझा त्येच्याकडं हाय," मामा सांगायचे. "आज ना उद्या लावंल. हितं रेंजची कांडी येती न्हवं?"

तासाला मामा माझ्यापेक्षा जास्त लक्ष द्यायचे. इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, पण आवाजावरून शिक्षकांची पारख चालायची, आणि ती हमखास चुकायची. एकदा सरांनी एका विनोदी लेखाचं वाचन केलं. छत्री हरवलेल्या माणसाची फजिती होती ती. सरांचा आवाज मुळातच रडका. मामा तासभर मान खाली घालून बसले आणि संपल्यावर हळूच म्हणाले, "कोण गेलं गं त्येंचं?"

मी पोट धरून हसले. हसण्यासारखा लेख होता म्हणून सांगितलं तर ते चक्रावले. "मग कुणी हसलं कसं न्हाई?"

"हसले असतील मामा. सगळ्यांचे आवाज बंद ठेवलेले असतात."

"म्हंजे ज्येनं त्येनं आपल्या घरात एकट्यानंच हसायचं?" मामांनी विचारलं आणि दगडावरच्या फोनकडे नजर टाकली. माझंही हसू आटलं. वर्गातली सगळी नावं काळ्या चौकोनात गप्प बसलेली होती. जे वाचून मला रात्र रात्र भरून यायचं, ते वाडीत कुणाला सांगता येत नव्हतं, आणि वाडीचं बेंगळूरला कुणाला सांगता आलं नव्हतं. मला त्या वर्षी फार एकटं वाटायचं. मामा नसते तर मी शिक्षण सोडलं असतं.

त्यांचा फोन माझ्यादेखत एकदाच वाजला. मामा धडपडत उठले, फोन दोन्ही हातांनी कानाला लावला. पलीकडून रिचार्जची कानडी टेप सुरू होती. ती संपेपर्यंत मामा "व्हय, व्हय" करत राहिले. मग फोन पुसून दगडावर ठेवला आणि म्हणाले, "बाईमाणूस बोलत हुतं. मदीच कसं तोडायचं?"

तोंडी परीक्षेच्या दिवशी माझ्या मोबाइलने मान टाकली. सिस्टरांचा नंबर वहीत होता, त्या साध्या फोनवर परीक्षा घ्यायला तयार झाल्या असत्या, पण तिथे दुसरा फोन एकच होता, मामांचा, आणि तो मागायला माझी जीभ रेटेना. मामांनीच तो माझ्या हातात कोंबला. "घे बाय. यवडे दिस केला न्हाई त्येनं, आत्ताच काय करतोय?" मी बोलत होते तेवढा वेळ ते खोपीबाहेर येरझाऱ्या घालत होते. फोन परत दिला तेव्हा त्यांनी तो डोळ्यांजवळ नेऊन बघितला. कुणाचाच फोन आलेला नव्हता. "बग, म्हटलं न्हवतं?" असं म्हणून ते हसले, पण परतीच्या वाटेवर त्यांनी दोनदा कनवटीचा फोन काढून बघितला.

पुढे विद्यापीठ उघडलं आणि मी बेंगळूरला गेले. वर्गात आता खरे आवाज होते, खरं हसू होतं. एका सकाळी मामांची फार आठवण आली म्हणून फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला.

"गोविंदा?"

"मामा, मी बोलतेय."

पलीकडे नुसता वारा ऐकू येत होता. मग मामा सावरून म्हणाले, "बाय, तू व्हय? आभ्यास चाललाय न्हवं?" आणि लगेच, "ठेव आता. लाइन आडायला नको." मी पुन्हा कधी लावला नाही. त्यांना दर वेळी आधी गोविंदच वाटणार होता, ते मला सोसलं नसतं.

डिग्री घेऊन मी परत आले आणि जोयड्याला एका शाळेत शिकवू लागले. मामा अजून वर जातच होते, कुणी विचारलं तर म्हशी बघायला जातो म्हणायचे. भातकापणीच्या दिवसांत ते झोपेतच गेले. शेजारच्या गुंद गावच्या एका माणसाने मडगावात हिंडून गोविंदाला शोधलं, तोवर सगळं उरकलं होतं.

गोविंद आला आणि रिकाम्या ओट्यावर बसला. हॉटेलच्या भटारखान्यात राबून हात पोळलेले. मी चहा नेऊन दिला. "म्या लावत हुतो फोन," तो आपणहून म्हणाला. "सकाळी कामात उसंत न्हाई. सांजच्याला लावायचो. सदा बंद. वाटलं, अप्पानं रागानं टाकूनच दिला."

संध्याकाळी मामांचा फोन घरात असायचा, कनवटीला, नेटवर्काविना. हे त्याला सांगणं जड होतं. पण राग धरून बाप गेला असं या मुलाला वाटत राहू देणं त्याहून वाईट होतं. मी सांगितलं, "रोज सकाळी डोंगरावर जाऊन बसायचे. तुझ्याच फोनसाठी."

त्याने चहा खाली ठेवला. "कुठं?"

मी त्याला वर घेऊन गेले. खोपीचं गवत उडालं होतं, वासे होते. मामांचा दगड दाखवला. गोविंद त्याच्याजवळ उकिडवा बसला, खिशातून स्वतःचा मोबाइल काढला आणि त्याच्यावरच्या कांड्यांवरून बोट फिरवलं.

"हितं लागतंय की," तो म्हणाला.