टेबलाखालचा बटन

सिनेमात कुत्रा मरत नाही, असं मी तिला सांगितलं. शेवटच्या पानावर तो मरतो हे मला पाठ होतं, कारण पटकथेच्या झेरॉक्स मीच काढून आणल्या होत्या.

ती म्हणजे नालवाडीच्या वळणावर इस्त्रीचा ठेला लावणारी बाई. तुम्हीही असा ठेला पाहिला असेल. लाकडी टेबल, कोळशाची इस्त्री, पाण्याचा वाडगा. बोटं बुडवायची, कपड्यावर शिंतोडे उडवायचे, मग इस्त्री फिरवायची. टेबलाखाली पोत्यावर तिचा कुत्रा. कुणाच्या तरी शर्टाचं बटन खाल्ल्यापासून त्याचं नाव बटन. रंग, इस्त्री जरा जास्त वेळ टेकून राहिलेल्या पांढऱ्या कापडाचा.

"पड" म्हटलं की बटन पडायचा. मग ट्रक जावो की वरात, कान हलत नसे. संध्याकाळी शेवटचा कपडा झाला की ती उरलेलं पाणी त्याच्यावर शिंपडायची आणि म्हणायची, "चाल, झालं आपलं." तेव्हाच तो उठायचा.

तिच्याशी खोटं बोलणं सोपं नव्हतं. एकदा मी घरी दवाखान्याचं सांगून मित्रांसोबत जेवून आलो होतो. दुसऱ्या दिवशी बायकोसमोरच तिनं माझा कुडता उलगडला आणि डागावर बोट ठेवून विचारलं, "डाक्टरनं तर्री लिहून देल्ली का, सर?"

तर पुण्याची मंडळी नाचणगावला सिनेमा करायला आली. एक लहान मुलगी, तिचा कुत्रा आणि भरपूर रडारड. शाळेच्या गॅदरिंगची नाटकं बसवण्यात नोकरी घालवल्यामुळे मी स्वतःला त्यांच्यातलाच समजत होतो. मेल्यासारखा पडून राहणारा कुत्रा मी देतो, असं छाती फुगवून सांगून बसलो.

तिनं एकच अट घातली. "खोटं खोटंबी मराचं नाई त्यानं. माह्यानं पाहवत नाई."

मरत नाही हो, मी म्हणालो. तिनं माझी कॉलर निरखली. डाग नव्हता. तिनं होकार दिला.

रोज ती वाडगा घेऊन सोबत यायची, बटनला उठवायला. शेवटच्या सीनच्या दिवशी मी दुसरी थाप मारली: आज शूटिंग नाही, बटनला फक्त फोटोसाठी नेतो.

दुपारी ती ऑटोतून उतरली, हातात वाडगा. फोटो काढला तरी त्याले उठवन कोन, या काळजीनं आली होती.

कडुनिंबाखाली मुलगी बटनचं डोकं मांडीवर घेऊन हुंदके देत होती. बटन असा पडला होता की मीही त्याचं पोट हलतंय का ते निरखून पाहिलं. बाई माझ्याशेजारी उभी राहिली.

"मेला का?"

"सीन आहे तो."

"सीनमंदी मेला का?"

मी मान हलवली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती सरळ कॅमेऱ्यासमोर गेली, बोटं बुडवली, शिंपडलं. "चाल, झालं आपलं."

बटन उठला, अंग झाडलं आणि मुलीचा ओला गाल चाटू लागला. ग्लिसरीन घालून रडणारी ती पोरगी खरीखुरी खिदळली. दिग्दर्शकानं आधी माझा उद्धार केला. मग तोच तुकडा चार-पाचदा पाहिला आणि शेवटचं पान फाडून टाकलं. सिनेमात आता शेवटी एक हात येतो, पाणी उडतं आणि कुत्रा उठतो.

सिनेमा परवा मोबाईलवर आला. बटन हिवाळ्यातच गेला होता. तो गेला त्या संध्याकाळी तिनं दोनदा पाणी शिंपडलं, इतकंच तिनं मला सांगितलं होतं.

मी मोबाईल घेऊन ठेल्यावर गेलो. टेबलाखाली पोतं तसंच अंथरलेलं. तिनं इस्त्री बाजूला ठेवली आणि शेवट पाहिला. हात आला, पाणी उडालं, बटन उठला. मग म्हणाली, "माहा हात लय काळा दिसते," आणि पुन्हा इस्त्री उचलली.

माझं मात्र आवरेना. समोर माझाच कुडता घडी करून ठेवलेला. त्यावर टपटप थेंब पडू लागले.

तिनं कुडता ओढून घेतला, घडी मोडली आणि पुन्हा टेबलावर पसरला.

"पानी शिंपडाले मी आहो अजून. रडाचं असन त तिकडं जाऊन रडा, सर."