उंबऱ्यावरून शिकलेली मासवडी

लग्नाला दोन वर्षं झाली तरी माझ्या सासूबाई माझ्याशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. राग नव्हता, रीत होती. त्यांच्या चाकणकडच्या गावात सासूनं जावयाशी बोलायचं नाही, तो समोर आला की पदर ओढून भिंतीकडे तोंड करायचं. माझ्या ताटातली तुपाची वाटी मात्र त्या कधी रिकामी राहू द्यायच्या नाहीत.

पिंपरीत कारखाने नुकते उभे राहत होते, तेव्हाची ही गोष्ट. मी त्यातल्याच एकात फिटर होतो. बायकोला दिवस गेले होते आणि तिच्या पोटात अन्न ठरेना. भाकरी बघितली तरी उमासे यायचे. डॉक्टरांनी अंथरुणातून उठायला बंदी केलेली, त्यामुळे माहेरी नेण्याचा प्रश्नच नव्हता. ती रोज वाळत चालली होती आणि माझा जीव टांगणीला लागला होता. एका संध्याकाळी ती म्हणाली, "आईच्या हातची मासवडी मिळाली तर खाईन."

तिला स्वतःला ती कधी जमली नव्हती. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, ही तिकडची आणखी एक रीत, म्हणून सासूबाई येणार नव्हत्या. मग मीच शिकायचं ठरवलं. सुट्टी आली तशी सायकल काढली आणि चाकणचा रस्ता धरला. अंगात असा जोर आला होता की मोशीच्या चढावरही उतरलो नाही.

जावई चुलीपाशी बसणार म्हटल्यावर सासरे आधी हसत सुटले. मग शिकवणीची व्यवस्था अशी लागली: मी चुलीपुढे, सासूबाई दाराआड आणि मधे उंबऱ्यावर सासरे. सासूबाई त्यांना सांगणार, ते मला. सासऱ्यांनी जन्मात चहाचं आधणसुद्धा ठेवलं नव्हतं.

"अवो, पाव्हण्यांना म्हणावं, पीठ पडताना हात थांबवू नका."

"पाव्हणं," सासरे तंबाखू मळत म्हणाले, "पीठ पडलं की हात थांबवा."

थांबवला. फोडणीच्या उकळत्या पाण्यात बेसनाच्या लिंबाएवढ्या गाठी झाल्या. दाराआड कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. ते सगळं म्हशीपुढे गेलं.

दुसऱ्या वेळी मी सासऱ्यांकडे लक्षच दिलं नाही, सरळ दाराकडे कान लावले. पीठ झकास घोटलं गेलं, वाफ आली. गरम गोळा ओल्या फडक्यावर घेतला. आता तो गार व्हायच्या आत पातळ थापायचा, त्यावर तीळ-खोबऱ्याचं सारण पसरायचं आणि फडक्यानं उचलून गुंडाळायचं. मी कोरड्या हातानं थापायला गेलो. पीठ बोटांना चिकटलं, चटका बसला, गोळ्याला भेगा पडायला लागल्या.

"अवो, त्यांना म्हणावं, हात..." सासूबाईंचा आवाज आला. सासरे नेमके तंबाखू तोंडात टाकत होते.

"मुडद्या, हात भिजव की!"

सासूबाई माझ्या शेजारी होत्या. डोक्यावरचा पदर घसरलेला. माझं मनगट धरून त्यांनी हात पाण्याच्या पातेल्यात बुचकळला. सासऱ्यांचं तोंड उघडंच राहिलं. सासूबाईंनी जीभ चावली, पदर ओढायला हात उचलला, पण हाताला बेसन लागलेलं. मला इतका आनंद झाला होता की भाजल्याचंही कळलं नाही. पोटच्या पोराला म्हणावं तसं त्या मला म्हणाल्या होत्या.

"भिजवला, मामी. आता?"

त्यांनी पदर तसाच राहू दिला. मग गोळ्याकडे बघत म्हणाल्या, "आता थाप. पातळ. आजून पातळ. घाबरतोस काय असा?"

सारणाची पुरचुंडी आणि काळा मसाला घेऊन मी सुसाट घरी आलो, स्टोव्ह पेटवला आणि हात भिजवून थापायला बसलो. वडी एका कडेला फाटली, पण वडीच झाली. रश्शात बुडवून बायकोनं एक खाल्ली. मी तिच्या तोंडाकडे बघत बसलो. उमासा आला नाही.

"आई दारामागूनच सांगत होती ना?" तिनं विचारलं.

"नाही. माझ्याशी बोलल्या."

"तुमच्याशी? काय म्हणाली?"

"मुडद्या."

ती आधी खो खो हसली, मग तिला रडूच फुटलं. रडता रडताच तिनं ताटली पुढे केली. "अजून एक द्या," म्हणाली.