बुडखा खाली, शेंडा वर

बार्शीटाकळीचे शेषराव सुतार म्हणजे सागवानाचे वकील. गावात आता प्लायची नि फायबरची दारं लागतात, पण शेषरावांचा हेका सुटत नाही. "सागाच्या गाभ्यात तेल असते. वाळवी तोंड लावत नाही, पाण्यानं तो फुगत नाही, खिळा बी गंजत नाही," हे ते कुणी न विचारताही सांगतात. गाभ्याबाहेरचा पांढरा भाग मात्र तासून टाकतात. तो ठेवणारा सुतार त्यांच्या लेखी चोर. दुसरा हट्ट असा, की उभं लाकूड झाडात वाढलं तसंच लावायचं, बुडखा खाली, शेंडा वर. उलटं लागलं तर घर उलटतं, असं त्यांचे वडील सांगत, आणि शेषरावांचाही त्यावर पक्का विश्वास.

मुलीच्या, प्रतीक्षाच्या सासरी हिवरखेडला नवं घर बांधायला काढलं, तेव्हा दाराची चौकट त्यांनी हौसेनं स्वतः केली. प्रतीक्षाची सासू पार्बताबाई झेंडूच्या मळ्याची मालकीण, जिभेनं भारी तिखट. पोरीला तिथं ऐकून घ्यावं लागत असणार, ही धास्ती शेषरावांच्या मनात कायम. पण विचारायचा धीर कधी झाला नाही.

चौकट उभी राहिली, हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. मग शेषराव फडक्यानं तेल लावायला बसले आणि डाव्या लाकडातल्या गाठीपाशी हात थबकला. फांदीची रेघ गाठीतून वर जायला हवी, ती खाली चालली होती. लाकूड उलटं लागलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा, आणि तेही पोटच्या पोरीच्या दाराला!

कुणाला कळलं नसतं. सागाला तर काहीच फरक पडत नव्हता. उलटाही तो तितकाच टिकला असता. पण सांगावं तर पोरीला टोमणे, गप्प बसावं तर पोरीच्याच डोक्यावर अशुभ. शेवटी हातोडा घेऊन ते उठले.

"इनबाई, माह्या हातून चूक झाली. हे लाकूड उलटं लागलं. चौकट काढतो, पूजा पुन्हा करू. पोरीले काही बोलू नका."

पार्बताबाईंनी गाठ पाहिली, मग व्याह्यांकडं पाहिलं.

"कावून काढता? तुमची पोरगी पायाळू हाय ना? पायाकडून जन्मलेली?"

आता टोमणा येणार, असं शेषरावांना वाटलं. "हो."

"माही कमर धरली का डॉक्टर हारतात. मंग मी पालथी पडतो, आन् तुमची पोरगी पाठीत लाथ घालते. पायाळूच्या लाथेनं कमर सुटते म्हंतात, तवा कुठं मी उठतो." पार्बताबाई खो खो हसल्या. "आमच्या घराले उलटंच मानवते. चौकट बी पायाळूच राहू द्या."

आतून प्रतीक्षाही हसली, सासूपेक्षा मोठ्यानं. शेषरावांनी हातोडा खाली ठेवला. पोर सुखात आहे हे त्यांना त्या दिवशी कळलं, आणि भर अंगणात त्यांना रडू फुटलं.